घट्टपणाची राखण

बोल्ट एकदा आवळला की तो तसाच राहतो, अशी आपली समजूत असते. पाना खाली ठेवला की काम संपलं. बोल्टाचं काम मात्र तिथून सुरू होतं. आवळताना तो किंचित ताणला जातो. ताणलेलं पोलाद मूळ लांबीवर यायला बघतं आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतं. जोड टिकतो तो या दाबावर. पाना फिरवताना लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा असा कामी येतो. बाकीचा आट्यांमधल्या आणि बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो.

एवढ्याशा ओढीवर बुलेटसारखी एका सिलिंडरची गाडी उभी असते. ३००० आरपीएमला तिचा क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो, तासाला १,८०,०००. दर फेऱ्यात पिस्टन दोनदा दिशा बदलतो आणि तो हिसका इंजिन माउंटिंगपासून मडगार्डपर्यंत पोचतो. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांनी दाखवलं की बोल्टाला सर्वांत घातक असते ती आडवी हालचाल. जोडलेले भाग एकमेकांवरून केसभर सरकले की आट्यांची पकड क्षणभर सुटते आणि बोल्ट स्वतःच्याच ताणाने उलटा फिरू लागतो. जी ओढ जोड धरून ठेवते, तीच संधी मिळताच तो सोडवते. या गोष्टीपाशी मी नेहमी थबकतो.

रॉबर्ट पर्सिग यांनी १९७४ च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’मध्ये जाम झालेल्या, काही केल्या न निघणाऱ्या स्क्रूवर खोल चिंतन केलं आहे. जाम स्क्रू माणसाला अडवतो, विचार करायला लावतो. सैल होत चाललेला बोल्ट अडवत नाही. गाडी चालू होते, पळते, घरी आणते. म्हणून त्याच्याकडे आपल्यालाच जावं लागतं.

इंजिन गार असताना पुढून मागे जावं: हँडलचा क्लॅम्प, पुढचा अ‍ॅक्सल, ब्रेक कॅलिपर, इंजिन माउंटिंग, सायलेन्सर, फूटरेस्ट, मागचा अ‍ॅक्सल आणि असेल तिथे त्याची स्प्लिट पिन. बोल्टाच्या डोक्याभोवती तांबूस भुकटीचं बारीक कडं दिसलं, तर तिथे धातूवर धातू घासतो आहे. काही मेकॅनिक आवळून झाल्यावर बोल्टावरून शेजारच्या भागावर पेंटची रेघ ओढतात. रेघ तुटली की बोल्ट फिरला. पण गॅस्केट दबलं, रंगाचा थर बसला, तर बोल्ट न फिरताही ताण उतरतो आणि रेघ अखंड राहते. म्हणून डोळ्यांनंतर हात हवाच.

या हाताला थांबताही आलं पाहिजे. तपासायला बसलेला माणूस प्रत्येक बोल्टाला ‘अजून थोडं’ देत गेला, तर एक दिवस अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे निघून येतात. दहाच्या पान्याने फिरणाऱ्या सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. त्याला मनगट लागतं, खांदा नाही. टॉर्क रेंच असेल तर उत्तम. बहुतेक बोल्ट जागचे हलत नाहीत, आणि तेवढं कळलं की पुढच्याकडे वळायचं.

तंबोरा प्रत्येक मैफलीआधी जुळवतात. तारा उतरल्या म्हणून तो बिघडला असं कोणी म्हणत नाही. जे ताणावर टिकतं त्याचा ताण उतरणारच, हे तिथे आपण सहज मान्य करतो. गाडीच्या बाबतीतही ते मान्य केलं की तपासणी संशयातून होत नाही आणि धास्तीतूनही नाही.

मागच्या सीटवर बसणारं माणूस अ‍ॅक्सलचा नट बघून बसत नाही. ते चालवणाऱ्याच्या भरवशावर बसतं. त्या भरवशाला लायक राहायचं तर काहीही बिघडलेलं नसताना, कुठूनही खडखड येत नसताना गाडीशेजारी बसून पाना हातात घ्यावा लागतो, आणि काही दिवसांनी पुन्हा घ्यावा लागतो.