माझं मशीन, माझा हात

जुन्या बुलेटचं इंजिन-कव्हर, माळ्यावरची पितळी समई, भंगारात जाऊ घातलेली नळाची तोटी असं काहीबाही घरच्या घरी घासून-पुसून उजळवणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. वस्तू फेकायची नाही, तिच्यावर मेहनत करून ती पुन्हा वापरात आणायची, ही वृत्ती जपण्यासारखीच आहे. पण याच मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘माझं मशीन, माझा हात. लागलं तर मलाच लागणार ना?’ हे मला मान्य नाही.

आधी हाताचंच बघू. बेंच ग्राइंडरला सहा इंची बफ, म्हणजे पॉलिशचं कापडी चाक, लावला की तो मिनिटाला साधारण 2,800 फेरे घेतो. म्हणजे त्याची कड ताशी 80 किलोमीटरच्या वेगानं पळत असते. दगडी चाकापुढे माणूस आपसूक जपून उभा राहतो. बफ मऊ, म्हणून त्याच्यापुढे सैलावतो. वस्तू चाकाच्या मध्यरेषेखाली धरायची आणि चाक तिच्या अंगावरून कडेबाहेर निघून जाईल अशी फिरवायची. कड चाकाला सामोरी गेली की चाक वस्तू हिसकावून घेतं. बफजवळ हातमोजे नकोत, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. पण मोजा चाकात अडकला तर त्याच्यामागून बोटही जातं. मनगटातला गंडा, गळ्यातली चेन, सैल बाही, ओढणी यांचंही तेच. वस्तू तापली तर खाली ठेवावी, पाण्यात बुडवावी. घरच्या कामाला कुणी मुदत घातलेली नसते.

1948 च्या कारखाने कायद्यात, ग्राइंडिंग चालतं तिथे प्रत्येक दगडाचा कमाल सुरक्षित वेग लिहिलेली सूचना मशीनपाशी लावावी, असं कलमच होतं. गच्चीवरच्या खोलीत असं काही बघायला कुणी येत नाही. तिथलं सगळं एकच माणूस ठरवतो. आणि ज्यांना त्यातलं काहीच ठरवता येत नाही, अशी माणसं त्याच घरात वावरत असतात.

धुळीचं घ्या. तोट्या, व्हॉल्व्ह अशा लेथवर कातलेल्या पितळेत बऱ्याचदा दोन-तीन टक्के शिसं असतं. त्यामुळे पितळ कातायला सोपं जातं. बफ केल्यावर ते शिसं कापडाच्या तुसाबरोबर, लस्टरच्या, म्हणजे बफला लावायच्या पॉलिशच्या, काळ्या चिकट्याबरोबर बाहेर पडतं आणि शर्टावर, केसांत, फरशीवर बसतं. काम करणाऱ्यानं नाकाला रुमालाऐवजी एन-95 मास्क लावला, डोळ्यांवर गॉगल चढवला, तर तो बराचसा सुरक्षित झाला. पण त्याच शर्टानं त्यानं रांगतं नातवंड उचललं तर? शिशानं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो, आणि मूल दिसेल ते तोंडात घालतं. सकाळी केर काढायला येणाऱ्या मावशी तर कोरड्या झाडूनं ती धूळ पुन्हा हवेत उडवतात. आपल्याला कशापासून जपायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ‘मलाच लागणार’ म्हणणाऱ्यानं या दोघांना कधी विचारलं होतं? स्वतःच्या बोटांची जोखीम घ्यायचा हक्क मी एकवेळ समजू शकतो. त्यांच्या वतीनं ती घ्यायचा हक्क कुणालाही नाही.

ॲल्युमिनियमची धूळ आणखी वेगळी, ती पेट घेऊ शकते. ज्या मशीनवर ॲल्युमिनियमचं कव्हर चमकवलं, त्याच्यावरच लोखंड घासून ठिणग्या पाडू नयेत.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती बटण बंद केल्यानंतरच्या वेळाची. मोटारीचा आवाज मरतो, चाक मात्र फिरतच राहतं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली ते थांबल्यासारखंही भासू शकतं. आवाज थांबला म्हणून पोर धावत येतं, आणि चकाकत्या वस्तूला हात लावायचा मोह कोणत्या पोराला होत नाही? म्हणून चाक पुरतं थांबेपर्यंत कामकऱ्यानं तिथून हलू नये, मग प्लग काढावा आणि त्यानंतरच दार उघडावं. पितळेची धूळ ओल्या फडक्यानं त्यानं स्वतः टिपावी. मावशींना त्या खोलीत झाडू मारायला सांगू नये, आणि का सांगत नाही तेही त्यांना समजावून द्यावं. कामाचा शर्ट तिथेच उतरवावा, घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा. मग हातपाय धुऊन खाली जावं.