प्राण जातो म्हणजे नेमके काय जाते?



दीक्षा घेतल्यावर घरातला देव्हारा काढून टाकणे फारसे अवघड नाही. मनात आणि बोलण्यात बसलेला देव्हारा काढायला मात्र वर्षे लागतात. कनेरगाव नाक्यासारख्या गावी धम्मात नव्याने आलेल्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो : "आत्मा नाही असे धम्म सांगतो, मग मरणाऱ्या माणसाच्या छातीतून शेवटी निघून जाते ते काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. पंचशील पाठ झाले म्हणून त्याचे उत्तर आपोआप मिळत नाही. आणि ते मिळाले नाही, की दहाव्या दिवशी पाय नदीकडे वळतात, कावळा शिवतो की नाही याकडे डोळे लागतात, मयताचे पाऊल कोणत्या योनीचे उमटले हे पाहण्यासाठी दिव्याखाली पीठ पसरले जाते. श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही, ही सहावी प्रतिज्ञा तोंडाने घेतलेली असते आणि पैनगंगेच्या काठावर मोडते.

म्हणून या प्रश्नाला टाळू नये. पूर्वीच्या माणसाने पाहिले की, श्वास आहे तोवर माणूस आहे. त्याने श्वासालाच माणसाचा मालक ठरविले. 'आत्मा' या शब्दाचे मूळ श्वासाच्या अर्थात आहे, असे भाषापंडित मानतात. लॅटिन भाषेतही आत्म्यासाठी असलेला शब्द श्वासाचाच आहे. त्या माणसाचे पाहणे खरे होते; अनुमान चुकले. आणि त्या चुकीवर पुढे पुरोहिताचे दुकान उभे राहिले.

आता आपलाच देह पाहा. छातीच्या पिंजऱ्यात बरगड्यांच्या बारा जोड्या आणि त्यांच्या आत दोन फुप्फुसे. उजव्या फुप्फुसाला तीन खण, डाव्याला दोनच, कारण तिकडे हृदयाला जागा द्यावी लागते. फुप्फुस स्वतःच्या बळावर फुगत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा घुमटासारखा पडदा आहे. तो आकसून खाली गेला आणि बरगड्या वर उचलल्या की पोकळी वाढते व बाहेरची हवा आत शिरते. तो सैल पडला की हवा बाहेर येते. लोहाराचा भाता ज्यांनी ओढला आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. (उचकी लागली की कोणी आठवण काढली म्हणतात. तो याच पडद्याचा झटका असतो.)

नाकातले केस आणि ओलावा हवा गाळतात. पुढे ती श्वासनळीत उतरते. नळीच्या तोंडावर झाकण आहे. घास गिळताना ते पडायला चुकले की ठसका लागतो. नळीला दोन फांद्या, फांद्यांना डहाळ्या, असे सुमारे तेवीस वेळा फाटे फुटत शेवटी इवले इवले वायुकोश येतात. त्यांची संख्या 30 ते 50 कोटी. त्यांच्या अतिशय पातळ भिंतीला लागून रक्त वाहते आणि तेथे देवघेव होते. आत येणाऱ्या हवेत प्राणवायू 21 टक्के असतो, सोडलेल्या हवेत सुमारे 16 टक्के उरतो, कर्बवायू 0.04 टक्क्यावरून 4 टक्क्यांवर जातो. एवढाच हा व्यवहार. 'प्राणवायू' या नावातही जुना प्राण लपलेला आहे खरा. परंतु हा प्राण सिलिंडरात भरता येतो, आणि 2021 साली त्याच सिलिंडरासाठी आपल्या देशात माणसे रांगा लावून उभी होती. त्या रांगेत कोणी आत्मा मागत नव्हते.

मग हा भाता ओढतो कोण? मेंदूच्या देठाशी एक केंद्र आहे. रक्तात कर्बवायू वाढला की ते पडद्याला हलवते. तुम्ही श्वास रोखून पाहा. थोड्याच वेळात तुमची इच्छा बाजूला पडते आणि श्वास सुरू होतो. तो तुमचा आहे, पण तुमच्या मालकीचा नाही. कारणे जुळली की होतो, तुटली की थांबतो. यालाच आपल्या धम्मात प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात.

सतिपट्ठान सुत्तात भगवान बुद्धांनी देहाकडे पाहण्याचा आरंभ श्वासापासूनच केला. श्वास लांब असेल तर लांब आणि आखूड असेल तर आखूड, हे जाणावे, एवढेच सांगितले. जोगी मंडळीही श्वास मोजतात; दिवसाचे 21,600 ही त्यांची संख्या मिनिटाला पंधराच्या हिशेबाने बरोबर येते, पण प्रत्येक श्वासाला त्यांनी जप चिकटवून दिला. भगवंतांनी काही चिकटविले नाही. त्याच सुत्तात देहाच्या भागांची यादी आहे, तीत फुप्फुसासाठी 'पप्फास' हा शब्द येतो. देह म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेली, साळ, मूग, तीळ यांनी भरलेली पिशवी. ती सोडून ही साळ, हे मूग, असे पाहावे. अशा पाहण्यात आत्म्याचा दाणा कोणालाच सापडत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच स्पष्ट केले आहे. आत्मा नाही, देह ज्या तत्त्वांचा बनला ती तत्त्वे निसर्गातील तशाच तत्त्वांत मिसळतात. तेव्हा शेवटी निघून काही जात नाही. एक काम थांबते. विझलेला अग्नी पूर्वेला गेला की पश्चिमेला, असे भगवंतांनी वच्छगोत्त परिव्राजकाला विचारले होते. तसाच हा प्रश्न.

हे उत्तर काहींना कठोर वाटते. आई गेली आणि ती कोठेच नाही, हे कसे सोसावे? दुःख आहे, धम्म ते नाकारीत नाही. परंतु उलट बाजू पाहा. आत्मा अमर आहे असे मानणाऱ्याला देहाची हेळसांड परवडते. पुढच्या जन्मावर उधारी टाकता येते. आपल्याला तशी सोय नाही. जी आई पऱ्हाटी आणि तुराट्यांच्या चुलीपुढे जन्मभर धूर गिळत बसली, तिच्या श्वासाची कारणे आपल्याच घरात तुटत होती. ती खोकत होती तेव्हा आपण काय केले? 2016 पासून उज्ज्वला योजनेत गॅस पुष्कळ घरांत आला, पण टाकी भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, आणि तेराव्याच्या जेवणाला मात्र कर्ज काढले जाते. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रापुढे धुरळ्यात उभी राहणारी माणसे आपलीच आहेत. त्यांच्या नाकातोंडाला ओलसर रुमालही नसतो. घरात बिडी ओढणाऱ्या कर्त्या पुरुषाने पहिल्या शीलाचा, प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचा, अर्थ आपल्या तान्ह्या लेकरापुरता तरी करून पाहावा.

लेकरांचे तर तातडीचे आहे. पोर धापा टाकू लागले की काही घरांत अजूनही बाहेरचे झाले म्हणतात, पोटावर बिब्ब्याचे नाही तर तापल्या लोखंडाचे चटके देतात. तो न्यूमोनिया असू शकतो. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावांत अभ्यास केला. त्यांतील काही गावांत गावातल्याच माणसांना हा आजार ओळखून औषध द्यायला शिकविले. 1990 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी होते. पुढे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधनही केले.

तुम्हीही मोजू शकता. पोर शांत असताना, रडत नसताना, अंगावरचे कपडे वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची उघडझाप मोजा. दोन महिन्यांच्या आतले असेल तर 60 किंवा अधिक, वर्षाच्या आतले असेल तर 50 किंवा अधिक, वर्षापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, तर उशीर करू नका. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, पोर अंगावर पीत नसेल, तर मोजत बसण्याचीही गरज नाही. नाक्यावरून एक रस्ता हिंगोलीला जातो, दुसरा वाशिमला. दोन्हीकडे सरकारी दवाखाना आहे. जी गाडी आधी मिळेल ती धरा.