कॅरम बोर्डाचं पुण्य

आमच्या भजनी मंडळात गीतेचा सतरावा अध्याय निघाला की बुवांचा आणि माझा वाद ठरलेला. सात्त्विक दान कोणतं? जे परतफेड करणार नाही अशा माणसाला, योग्य जागी, योग्य वेळी, 'द्यायला हवं' एवढ्याच बुद्धीनं दिलं जातं ते. मोबदल्याच्या आशेनं किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. बुवा म्हणतात, फौजेसाठी गोळा होणारा पैसा पहिल्या वर्गात बसणारच नाही. शिपायानं उपकार आधीच केलेला असतो, आणि उद्याही त्यानं आपल्याला राखावं ही आशा असतेच. "शिवाय पगार घेणाऱ्याला कसलं दान, सुभेदार?" एवढं बोलून ते टाळ उचलतात. टाळ वाजायला लागले की वाद बंद.

मला इथं लिहून उत्तर द्यायचं आहे, कारण कागदावर टाळ वाजत नाहीत.

दानावर देणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय, घेणाऱ्यांनी फारसं नाही. शास्त्राप्रमाणे दान घेण्याचा अधिकार ब्राह्मणाचा. क्षत्रियानं द्यावं, हात पसरू नये. आम्ही कुणबी, त्या हिशेबात आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. पण वर्दी चढली की तो ताठा कुणाच्याही अंगात येतो. मी सिग्नल्समध्ये होतो, एकाहत्तरला राजस्थानच्या सरहद्दीवर. १७ डिसेंबरला पश्चिमेकडची लढाई थांबली, पण आम्ही थांबलो तिथंच. सिमला करार पुढल्या जुलैत झाला आणि फौजा माघारी यायला बहात्तर साल सरलं. लढाईत वेळ कसा जातो ते कळत नाही. लढाई थांबल्यावर मात्र तो जाता जात नाही. सकाळी लाइन तपासायची, दुपारी तीच लाइन पुन्हा तपासायची, आणि संध्याकाळी घरून पत्र आलं नाही म्हणून एकमेकांवर खेकसायचं.

अशात मुंबईकडून देणगीच्या सामानाची खोकी आली. हातानं विणलेले स्वेटर होते, बाह्या बहुतेक तोकड्या. विणणारीनं आपल्या पोराचं माप धरलं असावं. चिवड्याचा वाटेत भुगा झालेला. आणि गोणपाटात शिवलेला एक कॅरम बोर्ड. एका कोपऱ्याची जाळी फाटकी, पावडर द्यायचं कुणाच्या ध्यानात नाही, स्ट्रायकर गायब. आमचा एक हवालदार भडकला. "भिकारी समजतात का आपल्याला?" म्हणाला आणि बोर्डाकडं पाठ करून बसला. वर्कशॉपच्या पोरानं पितळेची चकती घासून स्ट्रायकर केला. तो इतका जड, की सोंगट्यांचे टवके उडायचे. पावडरऐवजी दात घासायची पांढरी पूड. आठवडाभरात हवालदारसाहेब राणी घेतल्याशिवाय जेवायला उठेनासे झाले.

त्या बोर्डानं आमच्यावर उपकाराचं ओझं टाकलं नाही. का टाकलं नाही, हा माझा खरा प्रश्न. मला वाटतं, कारण तो लढाईच्या काही कामाचा नव्हता. बंदूक, बूट, डाळ-तांदूळ हे सरकार देतं, कारण शिपाई चालता ठेवायचा असतो. कॅरम बोर्ड देणारा, कळत नकळत, एवढं कबूल करतो की या माणसाला एखादा तास असा असावा जेव्हा तो शिपाई नसेल.

इतिहास वाचायचा मला नाद आहे. त्यात अमेरिकेतली एक वर्गणी सापडली, ती बुवांना ऐकवण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात तिथं फौजेची करमणूक आणि देखभाल बघणाऱ्या सात संस्था होत्या: वायएमसीए, वायडब्ल्यूसीए, कॅथलिकांची, ज्यूंची, साल्व्हेशन आर्मी, शिपायांना पुस्तकं पुरवणारी ग्रंथालयवाल्यांची संघटना, आणि छावण्यांजवळच्या गावांत करमणुकीची सोय करणारी एक. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्यांना सांगितलं, वेगवेगळे येऊ नका, एकत्र मागा. पंथापंथांत भिंती असलेल्या देशात हे सोपं नव्हतं. आकडा ठरला १७ कोटी ५ लाख डॉलर. मोहिमेचा पहिला दिवस ठरला सोमवार, ११ नोव्हेंबर १९१८.

त्याच दिवशी युद्ध संपलं. अमेरिकेत उजाडायच्या आतच बातमी पोहोचली. लोक रस्त्यावर, घंटा वाजतायत, भोंगे चालू. अशा वेळी दारात उभं राहून 'लढणाऱ्या पोरांसाठी काही द्या' म्हणायचं! मागणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असेल. तरी मोहीम संपता संपता वीस कोटींच्या वर रक्कम कबूल झाली होती.

माझा मुद्दा इथं आहे. दहा तारखेला दिलेला डॉलर आणि बारा तारखेला दिलेला डॉलर एक नव्हे. दहाला देणाऱ्याच्या मनात भीती असते, हिशेब असतो: तो तिकडं लढला तर मी इकडं वाचेन. बाराला तो हिशेब संपलेला असतो. वीस लाखांच्या आसपास पोरं अजून फ्रान्समध्ये अडकलेली, बोटी कमी, काम काही नाही, आणि त्यांच्याकडून आता काही मिळायचंही नाही. परतफेड न करणारा माणूस भगवंत सांगतात, तो हाच. शिपाई सात्त्विक दानाला पात्र होतो तो लढाई सरल्यावर. आणि गरजही त्याला तेव्हाच जास्त असते, हे मी राजस्थानात वर्षभर बघितलंय.

बुवा म्हणतील, लोकांनी आनंदाच्या भरात दिलं असेल, किंवा शेजारी देतोय म्हणून. दिलं असेलच. त्याहून वाईटही घडलं. त्याच ११ नोव्हेंबरला कॅन्सस राज्यातल्या बर्टन गावात जॉन श्राग नावाच्या शेतकऱ्याला जमावानं घरातून ओढून आणलं. तो मेनोनाइट होता. शस्त्र धरायचं नाही हा त्या पंथाचा धर्म. युद्धकर्जाचे रोखे तो घेत नव्हता. रेड क्रॉसला, साल्व्हेशन आर्मीला पैसे द्यायला मात्र तयार होता. जमावाला ते पुरेना. त्याच्या अंगाला पिवळा रंग फासला आणि त्याला फासावर द्यायची भाषा झाली. लढाई संपल्याच्या आनंदात!

श्राग मला बुवांपेक्षा आणि माझ्यापेक्षाही नेमका वाटतो. त्यानं रेघ कुठं ओढली बघा. लढाईला पैसा नाही. लढाईत सापडलेल्या माणसाला आहे. कुणी म्हणेल, शिपायाला डोनट खाऊ घातला तर तो ताजातवाना होऊन पुन्हा गोळीच मारणार, मग फरक काय उरला? कडक अहिंसावाल्याला हा फरक पटणार नाही आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण या न्यायानं जखमीला पट्टीही बांधता यायची नाही.

डोनट उगीच नाही म्हटलं. १९१७ मध्ये फ्रान्समध्ये साल्व्हेशन आर्मीच्या बायकांनी पावसाचिखलात शिपायांसाठी डोनट तळायला सुरुवात केली. त्या मोठ्या वर्गणीत या संस्थेचा वाटा अवघा ३५ लाखांचा, वायएमसीएचा १० कोटींचा. पण परतलेले शिपाई डोनटवाल्या बायकांचं नाव काढत राहिले आणि वायएमसीएच्या नावानं कुरकुरले. वायएमसीएनं फौजेच्या सांगण्यावरून कँटीन चालवायला घेतली होती आणि तिथं सिगारेट-चॉकलेट विकत मिळे. बिचाऱ्यांनी कामाचा डोंगर उपसला, पण गल्ल्यामागं उभ्या असलेल्या माणसाला कोण दाता म्हणणार? सत्कारावाचून दिलेलं दान तामस, असं गीताही म्हणते. शिपायाला तो श्लोक पाठ नसतो, पण वास बरोबर येतो.

आपल्याकडचा एक किस्सा लोक अजून रंगवून सांगतात, की हैदराबादच्या निजामानं पासष्टच्या लढाईनंतर टनांनी सोनं देशाला दान केलं. प्रत्यक्षात त्यांनी सुमारे ४२५ किलो सोनं सरकारच्या सुवर्णरोख्यांत गुंतवलं होतं, व्याजानं. त्यात गैर काही नाही, वेळेला सोनं कामी आलं. पण बुवांच्या वर्गवारीत हे कुठं बसतं ते मी सांगायला नको.

आपला ध्वजदिन मला आवडतो तो तारखेसाठी. १९४९ पासून ७ डिसेंबर, लढाई असो वा नसो. लाल, गडद निळा आणि फिका निळा असा छोटा झेंडा, आणि पैसा जातो वीरपत्नींकडं, माजी सैनिकांकडं, त्यांच्या पोरांच्या शिक्षणाला. खटकतो तो इष्टांक. जिल्ह्याला आकडा, खात्याला आकडा, शाळेला आकडा, मग पोरागणिक झेंडे वाटायचे आणि पैसे बापाच्या खिशातून. बाप देतो, पण जिवावर येऊन.

त्या अमेरिकन मोहिमेत शाळकरी पोरांना वेगळी अट होती: आईबापांकडं मागायचं नाही, स्वतः काम करून कमवायचं आणि ते द्यायचं. ही गोष्ट मी आमच्या हायस्कुलात सांगितली. एका पोरीनं विचारलं, कांदे काढायला गेलं तर चालेल का? मी म्हटलं, उत्तम चालेल.

हेडमास्तर मला व्हरांड्यात घेऊन गेले. "सुभेदार, कल्पना चांगली आहे. पण ती कांदे काढून चाळीस रुपये आणणार कधी, आणि मी रक्कम भरायची कधी? शेवटची तारीख जवळ आलीय." मी त्यांना सांगितलं की अमेरिकेतही वर्गणी तारखेनंतरच खरी झाली. ते म्हणाले, तिथं वरून फोन येत नव्हते.