नसेल तर नवं पान

नसलेल्या गोष्टींचं आम्हा बीडकरांना फारसं वाटत नाही. रेल्वे नव्हती तेव्हाही आम्ही होतोच. नगर-बीड-परळी मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला आणि बीडहून पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. त्यामुळे दिवाळीला पुण्याहून आलेला भाचा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन सहज म्हणाला, ‘‘मामा, मार्ग नसेल तर तो आपोआप तयार होतो,’’ तेव्हा माझा अर्धा चहा बशीत गेला.

तो मार्ग वेगळा होता. त्याचं असं की, दहा-वीस यंत्रं मिळून एकच काम करतात, तेव्हा सगळ्यांची सामायिक माहिती एका रखवालदाराकडे ठेवतात. त्याचं नाव झूकीपर, म्हणजे प्राणिसंग्रहालयाचा राखणदार. (नाव ठेवणाऱ्याला सहकाऱ्यांचा अनुभव असावा.) सोलर नावाचं शोधकाम करणारं सॉफ्टवेअर उठलं की त्याच्याकडे आपला कोपरा मागतं. सोलर म्हटल्यावर मला शेतातला पंप आठवला, पण मी गप्प बसलो. कोपरा नसेल तर पूर्वी ते रुसून बसायचं. माणसाने आधी हाताने कोपरा करून द्यायचा. पुढे एक खिट्टी आली : ती लावली की कोपरा आपणच करून घ्यायचा. काफ्का नावाचं दुसरं एक सॉफ्टवेअर ते न विचारताच करी. २०२५ मध्ये चौथ्या आवृत्तीत त्याने रखवालदारालाच रजा दिली, ते निराळं.

‘‘मग बरंच आहे की!’’ मी म्हणालो. आमची ऊसतोडीची माणसं दसरा-दिवाळीनंतर कारखान्याच्या मुलखात जातात, ती मोकळ्या रानात कोपी उभी करतात. इथं घर नाही, चला परत, असं म्हणून चालेल का त्यांचं?

‘‘पण मामा, नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर? ते चुकीच्या नावाचा कोपरा करतं आणि हसत कामाला लागतं. आत काहीच नाही. लोक म्हणतात, माहिती गेली. ती असते शेजारच्याच कोपऱ्यात.’’

यावर मात्र मला बोलता येईना. कोपी बांधणाऱ्याला हे आपलं घर नव्हे, हे माहीत असतं. त्या यंत्राला नसतं. एकदा मलाही नव्हतं.

मास्तरकीत असताना एका गावी नवीनच बदली होऊन गेलो होतो. चैत्रात तोडीवरून परतलेल्या एका आजोबांनी नातवाला शाळेत आणलं. रजिस्टरात नाव सापडेना. मी दोन-तीन मिनिटं पानं उलटली असतील. बाहेर ऊन, आत पोरांचा गलका. मुलाला परत कशाला पाठवायचं, म्हणून मोठ्या उदार मनाने नवं पान उघडलं. जन्मतारीख? आजोबांना ठाऊक नव्हती. अंदाजाने साल घातलं आणि १ जून. (मराठवाड्यातली निम्मी जनता आम्ही मास्तरांनीच १ जूनला जन्माला घातली आहे.) आजोबांनी हात जोडले. त्या दिवशी मला स्वतःविषयी फार बरं वाटलं.

पोरगं जुन्या रजिस्टरात होतंच. सतरा पानं मागे. बापाचं नाव तिथे ज्ञानोबा, माझ्याकडे ज्ञानदेव. खरी तारीख माझ्या तारखेहून दीड वर्ष नंतरची. हे कळलं तेव्हा तो पोलिस भरतीच्या रांगेतून वयामुळे बाहेर पडून माझ्या दारात उभा होता. दाखला माझ्या पानावरून निघाला होता. दुरुस्तीचे कागद मी त्याच्याबरोबर हिंडून केले. ती भरती गेली ती गेलीच. तो रागावला नाही. ‘‘गुरुजी, तुम्ही तरी घेतलं मला,’’ म्हणाला. हे त्याने म्हणायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

भाच्याने बटणं दाबली. ‘‘काय केलंस?’’

‘‘खिट्टी काढली. आता कोपरा नसेल तर बोंबलेल.’’

‘‘रात्री दोनला?’’

‘‘हो. आणि मला उठावं लागेल.’’

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, ‘‘परवा साखरेचा डबा सापडेना म्हणून तुम्ही नवा पुडा फोडलात ना? जुना सापडला. मुंग्यांसकट.’’