न घडलेला अपघात

गेल्या दिवाळीतली गोष्ट. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी परळीहून बाजार करून मी मोटारसायकलने सिरसाळ्याला परतत होतो. मागे सामानाची पिशवी, हँडलला आकाशकंदील आणि मनात घर गाठण्याची घाई. वाटेत एका शाळेपुढे ३० चा फलक आहे. शाळेला सुट्टी लागलेली. तेव्हा फलकही सुट्टीवर गेला असावा अशा थाटात मी निघालो होतो. काटा साठावर होता. एवढ्यात चेंडूमागे धावणारे एक लेकरू रस्त्यावर आले. गाडी कशीबशी वळवली. आकाशकंदील फाटला, लेकरू वाचले. मी थांबलो नाही.

घरी आल्यावर हा प्रसंग मी मोठ्या ऐटीत सांगितला. मी होतो म्हणून निभावले, दुसरा कुणी असता तर! मुले डोळे विस्फारून ऐकत होती. आई वाती वळत बसली होती. तिने मान वर न करता विचारले,

"लेकरू कुणाचं होतं रे?"

मला सांगता येईना. त्याचा चेहराही मला आठवत नव्हता. माझ्या पराक्रमाची सगळी हवा त्या एका प्रश्नाने गेली.

त्या रात्री मी शाळामास्तराला शोभेल असे गणित मांडले. फलकाचा टप्पा फार तर ३०० मीटरांचा. तीसच्या वेगाने त्याला ३६ सेकंद लागतात, साठच्या वेगाने १८. म्हणजे मी १८ सेकंद वाचवले होते. आता दुसरी बाजू. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत माणसाचा सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात तीसची गाडी ८ मीटर पुढे जाते, साठची १७. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनेही, तीसची गाडी एकूण तेरा-चौदा मीटरांत उभी राहते. साठच्या गाडीला तेवढ्या अंतरात ब्रेक लागलेलाही नसतो. लेकरू तेथे असेल, तर ती त्याला पुऱ्या साठच्या वेगाने गाठते.

वाचकहो, मला छळणारा प्रश्न यापुढचा आहे. समजा, त्याच संध्याकाळी, त्याच वेगाने, दुसरा एखादा गृहस्थ तेथून गेला आणि ते लेकरू अर्धा क्षण आधी धावले. तो गृहस्थ आज कोर्टाच्या पायऱ्या चढत असता आणि गाव त्याला खुनी म्हणत असते. मी मात्र घरी बसून चिवडा खाल्ला. आम्हा दोघांच्या वागण्यात फरक कोणता? काहीच नाही. फरक होता तो लेकराच्या पावलांचा, आणि ती पावले काही माझ्या पुण्याईने थबकली नव्हती. मग मी निर्दोष कसा?

बहुतेक कायदे काय घडले ते विचारतात. काय करीत होतास, हे विचारायचे काम सद्सद्विवेकाचे. वेगमर्यादेचा कायदा मला शहाणा वाटतो तो एवढ्यासाठी, की तो अपघाताची वाट पाहत नाही. काही न घडताही तो आपल्याला थांबवून जाब विचारतो, आणि आपण त्याच्यावर चिडतो! "रस्ता मोकळा होता, हात सराईत आहे," असे म्हणतो. पण तो फलक आपल्या सराईतपणाची परीक्षा पाहायला लावलेला नसतो. तो ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो: चेंडूमागे धावणारे पोर, ऐकू कमी येणारी म्हातारी, दावे तोडून आलेले वासरू. वाचवलेला वेळ आपला. त्यासाठी गहाण टाकलेला जीव मात्र त्यांचा. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता गहाण टाकण्याला आपण एरवी काय म्हणतो?

आमच्या परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीच्या रस्त्यावरील अपघातात गेले. बीड जिल्ह्याचेच विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेले. दोन्ही वेळा जिल्हा हळहळला. त्या २०२२ सालात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, आणि सरकारी नोंदीप्रमाणे दहांतले सुमारे सात मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले होते. हळहळ खरी असते. पण ती घडून गेल्यावर येते. विवेक आधी यावा लागतो.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. ट्रक-ट्रॅक्टरांवर भांडीकुंडी, शेरडे आणि त्यांच्यावर झोपलेली लेकरे. अंधारात बैलगाड्या चालतात. मागे लाल दिवा असतोच असे नाही. याच रस्त्यांवरून आपण भाऊबीजेला जाणार. बहीण वाट पाहत असते हे खरे. पण अर्ध्या तासाच्या उशिराने कोणत्याही बहिणीचे ओवाळणे आजवर अडलेले नाही.

ते लेकरू कुणाचे, हे मला अजून कळलेले नाही. फलकापाशी आता मी गाडी तीसवर आणतो. कडेला पोरे खेळत असतात. त्यांतले कोणते ते, हे ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येकच ते आहे असे धरून चालतो.