चहा कोरा की दुधाचा?

ओळखीतल्या एका घरात मुलाला १८ पूर्ण झाली. औक्षण झालं, केक कापला आणि त्या उन्हाळ्यात त्याची विशेष शाळा संपली. रिक्षावाले काका यायचे बंद झाले. मुलगा मात्र अजूनही साडेआठला दप्तर अडकवून जिन्यात उभा राहतो.

२०१६च्या अपंग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंतचं शिक्षण मोफत दिलं. पुढे कार्यशाळा, तीही जागा मिळाली तर. दिवाळीच्या तोंडावर आपण रंगवलेल्या पणत्या, उटण्याच्या पुड्या घेतो ना, त्या बऱ्याचदा तिथल्याच.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांना एकच प्रश्न पोखरत असतो : आमच्यानंतर काय? या चिंतेला कुणी नावं ठेवू नयेत. डोंबिवलीजवळ खोणीला ‘घरकुल’ हे अशा मुलांचं निवासी घर उभं राहिलं ते पालकांच्या याच काळजीतून. पण या काळजीत आपण घाईघाईने परस्पर उत्तरंही ठरवून टाकतो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली सज्ञान मुलासाठीही कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांची समिती ते ठरवते. त्या दप्तरवाल्या मुलाच्या घरातला अर्ज भरून तयार आहे. आईवडिलांनंतर कोण, यावर आईचं उत्तरही तयार : “बहीण आहे की त्याची.” बहीण बारावीला.

२०१६च्याच कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. त्यात पालक आणि ती व्यक्ती यांनी विश्वासाने, मिळून निर्णय घ्यायचा असतो. कलम वाचायला सोपं. घरात उतरवायचं तर आईवडिलांना कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच माणूस नसतं. मुलांना शिकवणारे थोडे, पालकांना हात मागे घ्यायला शिकवणारे त्याहून थोडे.

या मुलाला ते माणूस भेटलं. कार्यशाळेत नाव घालायला गेले, तेव्हा तिथल्या ताईंनी त्याला विचारलं, “चहा कोरा की दुधाचा?” आई म्हणाली, “दुधाचा.” ताई म्हणाल्या, “थांबा, त्याला सांगू दे.” बराच वेळ गेला. आईची चुळबुळ सुरू झाली. मग तो म्हणाला, “कोरा.”

घरी त्याला कायम दुधाचाच मिळत आला होता.

परवा गेलो तेव्हा त्यांच्या गॅसवर दोन पातेली होती. बहिणीला मात्र अजून कुणी काही विचारलेलं नाही.