शेजाऱ्यांस दिलेलें वचन

जें वचन पाळावयास कोणतेंही न्यायालय भाग पाडीत नाहीं, तें मोडणें पाप आहे काय? प्रिय वाचकहो, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. बांध, विहीर व गुरें हे ज्यांच्या नित्य कलहाचे विषय, त्या खेड्यांतील मंडळ्यांस तो ठाऊकच आहे. कॅनडा देशाच्या मॅनिटोबा प्रांतांत कित्येक लहान गांवें ह्याच प्रश्नावर मोडलीं. त्यांची हकीकत आम्ही आज सांगतों.

तेथील मैदानास प्रेअरी म्हणतात. दृष्टि पोहोंचेल तेथवर गवत, झाड क्वचित्. आणि हिवाळा असा कीं पारा शून्याखालीं ३० अंश उतरतो. सन १८७२ च्या कायद्यान्वयें सरकार १० डॉलर घेऊन १६० एकर जमीन देई. मात्र घेणाऱ्यानें आपल्याच तुकड्यावर घर बांधून तीन वर्षें राहिलें पाहिजे. अर्थात् घरें रानांत विखुरलेलीं. दुखण्यांत कोणास हांक मारावी, तर ऐकावयास जवळ कोणी नाहीं.

सन १८७४ पासून सहा वर्षांत सुमारें ७,००० मेनोनाइट ख्रिस्ती तेथें आले. हे शस्त्र न धरणारे लोक. रशियांत सैन्याची सक्ती होऊं लागली म्हणून त्यांनीं हल्लीं युक्रेनांत असलेलीं आपलीं गांवें सोडलीं. एकएकटें राहाणें त्यांस मानवेना. त्यांनीं कायद्याप्रमाणें प्रत्येकाच्या नांवें जमीन नोंदविली खरी, परंतु आपसांत करार करून ती सर्व एकत्र केली. आणि गांव करून राहाण्याची सवलतही सरकारकडून मिळविली. एकच रुंद रस्ता, दुतर्फा घरें, घर व गोठा एकाच छपराखालीं. भोंवतालची जमीन लांब पट्ट्यांनीं वांटलेली, कीं चांगली, मध्यम व पाणथळ ह्या तिहींचा वांटा सर्वांस यावा. सकाळीं गांवचा गुराखी सर्वांच्या गाई सामाईक कुरणांत नेई. कोणाचें घर जळालें तर नुकसान सर्वांनीं वर्गणीनें भरावें. पोरक्या मुलांचा वारसा मंडळीनें नेमलेल्या कारभाऱ्यांनीं सांभाळावा.

आतां पेंच पाहा. तीन वर्षें पुरीं झालीं कीं सरकारी सनद एकट्याच्या नांवें येई. ज्याच्या नांवचा तुकडा उत्तम निघाला तो म्हणूं शके, "हें माझें आहे." न्यायालय त्याच्याच बाजूचें. असे लोक निघाले, आणि एकामागून एक गांवें मोडलीं.

जाणारा लोभीच होता असें आम्ही म्हणत नाहीं. अरुंद पट्ट्यांवर मोठीं यंत्रें नीट चालत नाहींत. विखुरलेल्या शेतांत जाण्यायेण्यांतच दिवस जातो. अब्राहाम व लोटही वेगळे झाले, आणि त्यानें तंटा मिटला. परंतु तेथें अब्राहामानें निवडीचा पहिला मान लोटास दिला. येथें जाणाऱ्यानें तो स्वतःच घेतला. शेजाऱ्याच्या चांगल्या जमिनीचा वांटा त्यानें तीन वर्षें खाल्ला, आणि आपली देण्याची पाळी आली तेव्हां सनद पुढें केली. शिवाय चार सधन घरें गेलीं कीं गुराख्याचें वेतन उरलेल्यांवर पडणार. एका गाईवर गुजराण करणाऱ्या विधवेनें तें कोठून द्यावें? आम्हांस वाटतें, पाप निघून जाण्यांत नाहीं, हिशेब चुकता न करतां निघून जाण्यांत आहे.

कांहीं मंडळ्यांनीं अशांस बहिष्कृत करण्याचा मार्ग धरला. तो आम्हांस पसंत नाहीं. धाकानें मनुष्य गांवांत राहील, पण तो मनानें शेजारी राहाणार नाहीं. त्यापेक्षां वडीलधाऱ्यांनीं पंच होऊन, कोणी कोणाच्या जमिनीचा किती लाभ घेतला हें मोजून भरपाई ठरविणें बरें.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही जमीन मुळांत अनिशिनाबे व क्री ह्या लोकांचा मुलूख. सन १८७१ त सरकारनें त्यांच्याशीं करार केला, त्या वेळीं तोंडीं दिलेलीं कित्येक वचनें कागदावर उतरलींच नाहींत. त्यांच्या नायकांनीं तक्रार लावून धरली, तेव्हां सन १८७५ त त्यांतील कांहीं मान्य झालीं. कागदावर नाहीं म्हणून देणें नाहीं, असें म्हणणारा केवळ शेतकरीच नव्हता.

नॉयबेर्गथाल नांवाचें एक गांव सन १८७६ त वसलें. पट्ट्यांची वांटणी तेथेंही पुढें मोडली. तथापि लोक रस्त्यालगतच राहिले व तेथून आपापल्या शेतावर जाऊं लागले. सन १९८९ त कॅनडा सरकारनें त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरविलें. घर व गोठा जोडलेल्या कांहीं जुन्या इमारती तेथें अद्याप उभ्या आहेत, आणि गांवांत वस्तीही आहे.